बंद पडल्या वेळेचा हिशेब

शिवनसमुद्र येथे कावेरी नदी दोन शाखांनी कड्यावरून खाली कोसळते. या पाण्यावर जनित्रे चालवून म्हैसूर संस्थानाने १९०२ च्या जूनअखेर वीज निर्माण केली आणि ती सुमारे ९२ मैल दूर असलेल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविली. इतक्या लांब वीज वाहून नेण्याचे धाडस त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी झाले होते. पुढे तीन वर्षांनी, १९०५ च्या ऑगस्टमध्ये, याच विजेचे दिवे बंगळूरच्या रस्त्यांवर लागले. हिंदुस्थानातील नगरांत रस्त्यावरच्या विजेच्या दिव्यांचा मान जवळजवळ सर्वप्रथम बंगळूरकडे जातो, तो या कारणाने.

दिवे लागल्याची तारीख इतिहास नोंदवून ठेवतो. ते किती वेळा विझले आणि विझल्यावर पुन्हा किती वेळाने लागले, याची नोंद सहसा कोणी मागत नाही. पण कोलारच्या खाणींना ती मागावी लागली. खाण म्हणजे काही रस्ता नव्हे की दिवा विझला तर माणसाने चाचपडत घरी जावे. पंप थांबले की खोल भुयारांत पाणी साचू लागते, पाळणे थांबले की खालचा मजूर खालीच राहतो. तेव्हा वीज आहे की नाही, एवढ्याने खाणीचे भागत नव्हते. ती किती काळ अखंड मिळेल आणि खंडित झाल्यास केव्हा परत येईल, हा तिचा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाने एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आणली. उन्हाळ्यात कावेरीचे पाणी आटे. जनित्रे सुस्थितीत, तारा शाबूत, माणसे कामावर हजर, आणि तरीही पुरेशी वीज नाही, अशी अवस्था येई. बिघाड कोणत्याही यंत्रात नव्हता. तो नदीत होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९०९ साली म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. त्यांनी कन्नंबाडी येथे कावेरीवर जे धरण आखले आणि ज्याचे काम १९११ साली सुरू झाले, त्या कृष्णराजसागराच्या हेतूंमध्ये शेतीला पाणी देण्याबरोबरच शिवनसमुद्रच्या जनित्रांना बारमाही पाणी पुरविणे हाही एक प्रमुख हेतू होता. विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झालेले, आणि उमेदीची वर्षे खानदेश, नाशिक आणि पुणे भागात मुंबई इलाख्याच्या नोकरीत गेलेली. खडकवासल्याच्या धरणावर पाण्याच्या पातळीबरोबर आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसविले होते. यंत्र निर्दोष असणे आणि सेवा अखंड असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे जाणणारा हा अभियंता होता.

आज बंगळूरची ख्याती संगणकाची नगरी म्हणून आहे, आणि कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या आहेत. परंतु खाणींचा तो प्रश्न मात्र नव्या रूपात त्याच नगरीत वसतीला आला आहे. ज्यांना डेटा सेंटर म्हणतात त्या इमारती म्हणजे हजारो संगणकांची कोठारे होत. बाहेरून पाहता त्यांच्यात डोळ्यांत भरण्यासारखे काही नसते. आत मात्र संगणकांच्या उंच मांडण्या, त्यांना थंड ठेवणारी यंत्रणा, विजेच्या एकाहून अधिक जोडण्या, वीज गेल्यास काही मिनिटे भार सावरणाऱ्या बॅटऱ्या आणि तेवढ्या अवधीत सुरू होणारी डिझेलची जनित्रे, असा मोठा संसार असतो. यातील निम्म्याहून अधिक व्यवस्था काही काम करण्यासाठी नसून काम थांबू नये यासाठी असते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

अशा कोठाराची विश्वासार्हता मोजण्यासाठी अभियंते दोन मापे वापरतात. एका बिघाडापासून दुसऱ्या बिघाडापर्यंत सरासरी किती काळ जातो, हे पहिले माप. त्याला त्यांच्या परिभाषेत एमटीबीएफ म्हणतात. बिघाड झाल्यावर दुरुस्तीला सरासरी किती वेळ लागतो, हे दुसरे. त्याचे नाव एमटीटीआर. चालू असलेला काळ आणि एकूण काळ यांचे गुणोत्तर काढले की ‘उपलब्धता’ मिळते, आणि ती टक्क्यांत सांगतात. गणित चौथीच्या मुलाला यावे इतके सोपे आहे. त्यातील प्रत्येक आकड्याचा अर्थ ठरविणे मात्र तितके सोपे नाही, आणि या मापांचा सारा इतिहास त्या अडचणीचाच इतिहास आहे.

हा इतिहास दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू होतो. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९४६ साली एनिॲक नावाचा प्रचंड संगणक लोकांपुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. एक नळी गेली की हिशेब चुके; आणि इतक्या नळ्यांपैकी कोणती ना कोणती जाणारच, म्हणून हे यंत्र कधी धड चालणारच नाही, असे भाकित जाणत्यांनीही केले होते. त्याचे शिल्पकार प्रेस्पर एकर्ट यांनी नळ्या त्यांच्या क्षमतेपेक्षा बऱ्याच कमी भारावर चालविल्या. नळ्या बहुधा यंत्र चालू वा बंद करताना, तापताना वा निवताना जातात असे दिसून आल्यावर यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही, असा परिपाठ ठेवला गेला. पुढे एकर्ट यांनी सांगितले की, साधारण दोन दिवसांनी एखादी नळी जाई आणि कोठे बिघडले ते पंधरा मिनिटांत सापडे. दोन दिवसांमागे पंधरा मिनिटे धरली तर उपलब्धता सुमारे साडेनव्याण्णव टक्के भरते. परंतु पंधरा मिनिटांत दोष ‘सापडे’, एवढेच एकर्ट सांगतात. नळी बदलणे, यंत्र तपासून पाहणे, अर्धवट राहिलेला हिशेब पुन्हा मांडणे, या गोष्टी त्यात धरल्या आहेत की नाहीत? दुरुस्तीचे घड्याळ कोठे सुरू करावे आणि कोठे थांबवावे हा प्रश्न असा पहिल्या संगणकांपासूनच चालत आला आहे.

याच काळात जर्मन अभियंता रॉबर्ट लुसर याच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम पुढे आला. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकी असते, ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. यंत्रांच्या बाबतीत वस्तुस्थिती त्याहून वाईट असते, असे हा नियम सांगतो. एकामागून एक जोडलेल्या पाच यंत्रांपैकी प्रत्येक शंभरातील ९९ वेळा नीट चालत असेल, तर सर्व मिळून शंभरातील ९९ वेळा चालत नाहीत, ९५ वेळाच चालतात. कारण टक्क्यांचा गुणाकार होतो. कडी कोणतीही दुबळी नसताना साखळी दुबळी असू शकते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने विद्युन्मानक उपकरणांच्या विश्वासार्हतेसाठी १९५२ साली एक सल्लागार मंडळ नेमले. ‘उपकरण भरवशाचे आहे’ असे विशेषण लावून भागणार नाही, भरवसा आकड्यात सांगितला पाहिजे आणि चाचणीने सिद्ध केला पाहिजे, हा विचार या मंडळाच्या १९५७ च्या अहवालाने रूढ केला.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली कामाला लागला. त्यातही सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. पण भारतात विश्वासार्हतेचा प्रश्न सामान्य माणसाच्या दारात प्रथम आला तो संगणकाच्या नव्हे, टेलिफोनच्या रूपाने. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना बंगळूरला १९४८ साली स्थापन झाला. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन केंद्रांत हालत्या भागांच्या शेकडो कळी असत. त्यांतील एखादी अडली तर काही ग्राहकांची गैरसोय होई, इतरांचे संभाषण चालू राही. विद्युन्मानक केंद्रांत हालते भाग गेले, बिघाड कमी झाले. पण सर्व केंद्राचा कारभार एकाच मध्यवर्ती संगणकाच्या हाती आल्याने तो थांबला की सारे गावच मुके होई. तात्पर्य, बिघाडांची संख्या घटली आणि प्रत्येक बिघाडाचा आवाका वाढला. म्हणूनच अमेरिकेत १९६५ साली असे पहिले मोठे केंद्र सुरू झाले तेव्हा चाळीस वर्षांत मिळून दोन तासांपेक्षा अधिक काळ ते बंद राहू नये, अशी अट त्याच्या रचनाकारांनी स्वतःवर घालून घेतली. त्यासाठी मध्यवर्ती यंत्रणा दुहेरी ठेवली. एक चुकली तर दुसरीने काम उचलावे.

ही अट भारतातील खेड्यात जशीच्या तशी लागू पडणारी नव्हती. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने दिल्ली व बंगळूर येथे खेड्यांसाठी लहान टेलिफोन केंद्र विकसित केले. १९८६ साली ते प्रथम कित्तूरला बसले. कित्तूर बेळगाव जिल्ह्यातील. राणी चन्नम्मेमुळे मराठी वाचकालाही ते नाव परके नाही. अशा गावी वातानुकूलन नाही, धूळ आणि उकाडा भरपूर, वीज बेभरवशाची, आणि तज्ज्ञ कारागीर जवळपास कोठे नाही. रचनाकारांनी हे सारे गृहीत धरले. केंद्र वातानुकूलनाशिवाय चालेल असे केले, आणि त्याची रचना सुट्या पट्ट्यांची ठेवली. बिघडलेली पट्टी काढायची, चांगली बसवायची आणि बिघडलेली शहरातल्या दुरुस्तीगृहाकडे पाठवायची. या साध्या व्यवस्थेत एक मोठा विचार दडलेला आहे. सेवा पूर्ववत करणे आणि वस्तू दुरुस्त करणे या दोन कामांची त्यात फारकत झाली. पट्टी शहरात महिनाभर पडून राहिली तरी कित्तूरच्या माणसाला त्याचे सोयरसुतक नाही; त्याचा टेलिफोन तर त्याच दिवशी चालू झाला. त्याच्या दृष्टीने दुरुस्ती म्हणजे एवढीच.

डेटा सेंटर याच विचारावर चालते. तेथे यंत्रे इतकी असतात की, बिघाड हा अपघात राहत नाही, तो दिनक्रम होतो. माहिती साठविणाऱ्या तबकड्यांचे उदाहरण घ्यावे. तबकडीचा सरासरी बिघाडकाळ दहा लाख तास असल्याचे उत्पादक सांगतात. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे. म्हणून प्रत्येक तबकडी ११४ वर्षे टिकेल असे समजणे भोळेपणाचे ठरेल. त्याचा अर्थ एवढाच की, अशा दहा हजार तबकड्या एकत्र ठेवल्या तर दर शंभर तासांनी, म्हणजे चार दिवसांनी, एक जाईल. तोही उत्पादकाचा आकडा खरा मानून. बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन या संशोधकांनी सुमारे एक लाख तबकड्यांच्या नोंदी तपासून २००७ साली दाखवून दिले की, उत्पादकांच्या आकड्यांनुसार वर्षाला शेकडा एकाहूनही कमी तबकड्या बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात शेकडा दोन ते चार बदलणे ही सामान्य गोष्ट होती. कारखान्यातील माप आणि कोठारातील अनुभव यांत असे अंतर पडते. आपले ते माप उत्पादकाने मोजले, अनुभव मात्र वापरणाऱ्याने.

आणि वापरणारा कोण, हे पाहू गेल्यास दृष्टी बंगळूरहून पुन्हा खानदेशाकडे वळते. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक देण्यात आला. त्यानंतर असे क्रमांक १३० कोटींहून अधिक लोकांना मिळाले. त्यांची माहिती सांभाळणारी कोठारे बंगळूर आणि हरियाणातील मानेसर येथे आहेत. टेंभलीसारख्या गावातील बाई रेशनच्या दुकानात यंत्रावर बोट ठेवते, तेव्हा तिची ओळख पटविण्याचा सवाल शेकडो कोस दूर जातो आणि काही क्षणांत जबाब परत येतो. २०२५ साली अशा पडताळण्यांची संख्या महिन्याला दोनशे कोटींवर गेली होती. म्हणजे दर मिनिटाला सरासरी शेहेचाळीस हजार. यंत्रणा एक मिनिट थांबली, तर तेवढी बोटे तेवढ्या यंत्रांवर नुसती टेकलेली राहतील.

परंतु लुसरचा नियम येथेही लागू आहे. दुकानातील ई-पॉस यंत्र, त्याची बॅटरी, गावातील मोबाइलची जोडणी, राज्याच्या पुरवठा खात्याची संगणकव्यवस्था आणि त्यापुढे आधारचे कोठार, अशी ही साखळी आहे. प्रत्येक कडीचा सांभाळकर्ता निराळा आणि प्रत्येकाची नोंदवही निराळी. प्रत्येकजण आपापल्या वहीत नव्याण्णवाहून अधिक टक्के लिहू शकतो आणि ते खरेही असू शकते. साऱ्या साखळीला मात्र दुकानात एकच नाव आहे: ‘सर्व्हर डाउन’. हे दोन इंग्रजी शब्द आज महाराष्ट्रातील निरक्षर माणसालाही ठाऊक आहेत. त्यातून त्याला बिघाड कोठे आहे हे कळत नाही. आज धान्य मिळणार नाही, एवढे मात्र कळते.

टक्केवारी आणखीही एका गोष्टीबद्दल मौन पाळते. ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षातून सुमारे पावणेनऊ तास बंद. हे पावणेनऊ तास रोज दीड मिनिट असे वाटले गेले तर दुकानापुढच्या रांगेला ते जाणवणारही नाहीत. तेच एकसलग, महिनाअखेरच्या एखाद्या सोमवारी आले, तर त्या दिवसाची रोजी बुडवून आलेली माणसे रिकाम्या पिशव्या घेऊन परततील आणि दुसऱ्या दिवशीची रोजीही बुडवतील. वहीत दोन्ही वर्षे सारखीच दिसतील. सरासरी सर्वांची बेरीज करते आणि सर्वांना सारखे वाटते. बंद पडलेली वेळ मात्र सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही.

शिवाय कावेरीच्या पाण्याने जे शिकविले तेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. यंत्र चालू असणे म्हणजे काम होणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयात मार्च २०१८ मध्ये आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी सांगितले की, सरकारी सेवांसाठीच्या पडताळण्यांपैकी ८८ टक्के यशस्वी होतात. उरलेल्या बारा टक्क्यांतील प्रत्येकाला सेवा नाकारली गेली असा याचा अर्थ नव्हता, हेही त्यांनी स्पष्ट केले होते. पण शेतात आणि विटांच्या भट्टीवर राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसाला यंत्राने ओळखले नाही, तर त्या क्षणी कोठारातील सारे संगणक सुरळीत चालू असतात, त्यांच्या उपलब्धतेला यत्किंचितही बाध येत नाही. त्या माणसापुरती सेवा मात्र बंद असते. या दृष्टीने प्राधिकरणाने ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलेले परिपत्रक महत्त्वाचे आहे. ठसा जुळला नाही किंवा जोडणी मिळाली नाही, तरी लाभार्थ्याला परत न पाठविता पर्यायी मार्गाने ओळख पटवावी आणि अपवादाच्या नोंदवहीत तशी नोंद करून लाभ द्यावा, असा त्याचा आशय होता. कित्तूरच्या टेलिफोन केंद्रातील बदली पट्टी आणि ही अपवादाची वही एकाच जातीच्या. दोहोंतही वस्तू नंतर सावकाश दुरुस्त होवो, माणसाचे काम आधी होवो, हे तत्त्व आहे. यंत्रांवर कोट्यवधी खर्च करून जी उपलब्धता वाढते, तिच्यापेक्षा अधिक उपलब्धता कधीकधी एक साधी वही वाढवू शकते. मात्र दुकानदाराने ती उघडली पाहिजे, आणि ती उघडल्याबद्दल त्याला वरून जाब विचारला जाता कामा नये.

दुरुस्तीच्या काळाकडे दुर्लक्ष केल्याचे मोल किती असते, याचे अलीकडचे उदाहरण दक्षिण कोरियाचे. देजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरमध्ये २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. वीज खंडित होऊ नये म्हणून बसविलेल्या बॅटऱ्यांचे स्थलांतर चालू असताना त्यांतूनच ती भडकली, आणि सहाशेहून अधिक सरकारी संगणकव्यवस्था थांबल्या. संगणकविद्येत अग्रेसर असलेल्या त्या देशाला सर्व सेवा पूर्ववत करण्यास कित्येक आठवडे लागले. बिघाड क्वचित व्हावा म्हणून केलेली तजवीजच बिघाडाचे कारण झाली. आणि बिघाड क्वचितच होणार या भरवशावर दुरुस्तीची तयारी मात्र अपुरी राहिली. दोन मापांपैकी पहिल्यावरच सारे लक्ष खिळले की दुसरे असा सूड उगवते.

म्हैसूर संस्थानाच्या विजेपासून आजच्या डेटा सेंटरपर्यंतच्या या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीत माप अधिकाधिक सूक्ष्म होत गेले. तासांचे मिनिट झाले, मिनिटांचे सेकंद झाले, टक्क्यांच्या दशांशचिन्हापुढे नवांची रांग लांबत गेली. ही प्रगती लहान नव्हे. मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही आणि अभियंत्यांनी मोजण्याचे आपले कर्तव्य निष्ठेने केले आहे. परंतु घड्याळ किती बारीक मोजते याहून ते कोठे ठेवले आहे, हा प्रश्न मोठा आहे. ते कोठारात ठेवले तर यंत्र बंद पडल्यापासून यंत्र चालू होईपर्यंतची वेळ दाखवील. तक्रारीच्या टेबलावर ठेवले तर तक्रार नोंदल्यापासून ती निकाली काढल्याचा शेरा पडेपर्यंतची. कोलारच्या खाणीत ठेवले असते, तर पाळणा थांबल्यापासून खालचा मजूर वर येईपर्यंतची वेळ त्याने दाखविली असती.

या तिन्हींपैकी शेवटचे घड्याळ आज फार थोड्या ठिकाणी लावलेले आढळते. ते लावणे अशक्य नाही. पडताळणीचा पहिला प्रयत्न केव्हा झाला आणि त्याच शिधापत्रिकेवर धान्य प्रत्यक्ष केव्हा दिले गेले, या दोन्ही वेळांच्या नोंदी या व्यवस्थेत ठेवता येण्याजोग्या आहेत. त्या दोहोंतील अंतर काढणे हे वजाबाकीचे काम. ती वजाबाकी गावागणिक आणि महिन्यागणिक केली, तर साखळीची कोणतीही कडी आपल्या टक्क्यांआड उभी राहू शकणार नाही. बंगळूरच्या कोठाराची उपलब्धता किती, या प्रश्नाचे उत्तर मग बंगळूरला विचारावे लागणार नाही. ते टेंभलीच्या दुकानात मिळेल.